पंख्याचं विमान

वाडसो, नॉर्वे, 27 जानेवारी

ती. आई आणि ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, फोटोतलं विमान बघून तू दोन दिवस नीट बोलली नाहीस, असं दादाने सांगितलं. पंखा बाहेर दिसतो म्हणून विमान जुनाट नसतं गं. इथल्या गावांच्या धावपट्ट्या जेमतेम किलोमीटरभराच्या, मोठी विमानं उतरायची कुठे? म्हणून ही 39 सीटांची. आणि मी काही हौसेने उडत नाही. आमच्या वृद्धाश्रमातल्या एका आजोबांना शिर्केनेसच्या हॉस्पिटलात न्यायचं होतं, सोबत मला पाठवलं. तिकीट सरकारी खर्चाने. (बाबा, आपल्या कोपऱ्यावरच्या शिर्क्यांचा या गावाशी काही संबंध नाही.)

मध्ये वारांगरची खाडी आहे. दोन्ही विमानतळांत सरळ रेषेत 38 किलोमीटर, म्हणजे आपलं वाई-सातारा. पण रस्ता खाडीला वळसा घालतो, तो 170 च्या घरात जातो. वाईहून पुण्याला जाऊन परत यावं तेवढा. बर्फात अडीच-तीन तास धरा. विमान हवेत दहा-पंधरा मिनिटं. पट्टा सोडायची वेळच येत नाही.

बाबा, खरी गंमत तुमच्यासाठी. हे लोक विमान एसटीसारखं वापरतात. येताना वाडसोला उतरलो, मी सवयीने आधी उठले, तर शेजारची बाई विणतच बसलेली. उतरायचं विसरली असेल म्हणून मी तिला हलवलंसुद्धा! तिला पुढच्या गावाला जायचं होतं. निम्मं विमान तसंच बसून. आम्ही उतरलो, दोघं-तिघं चढले, एकुलत्या एक हवाईसुंदरीने डोकी मोजली, दार लावलं. डबल बेल तेवढी दिली नाही.

आजोबांना याचं काहीच वाटत नाही. ध्रुवसंशोधक आमुंडसेनच्या मोहिमेचं हवाई जहाज 1926 साली उत्तर ध्रुवाकडे जाताना इथे थांबलं होतं, ते बांधायचा लोखंडी खांब अजून उभा आहे; ते तेवढंच सांगतात, रोज. विमान टेकताना मात्र माझा हात घट्ट धरला. बाबा, मोतीबिंदूच्या वेळी तुमच्यासोबत कोण होतं? दादा नुसतं 'झालं व्यवस्थित' म्हणाला.

मी जेवते, झोपते. संक्रांतीनंतर सूर्यही परत आलाय, थोडा वेळ का होईना. तिळगूळ मिळाला, डब्याला चीर गेली होती पण वड्या शाबूत.

पैसे शुक्रवारी टाकलेत. आधी डोळ्याचं बिल, मग पत्रे. सोसायटीचा हप्ता पुढच्या महिन्यात मी बघते, दादाला मागू नका. आणि आई, कराडच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. फक्त एप्रिलमध्ये बघायला येणं जमणार नाही. वाडसो, ऑस्लो, मग आणखी कुठेतरी बदलून मुंबई, पुढे वाई. जाण्यायेण्यात चार दिवस मोडतात आणि रजा आहे आठच. मे महिन्याची मागितली आहे. त्यांना तेवढं थांबायला सांग, नसतील थांबत तर राहू दे.

तुमची,
सुमी