दयेचा खर्च कुणाच्या खात्यावर

१६ फेब्रुवारी २०२५

चि. अश्विनी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी संस्थेतलं संध्याकाळचं संकलन आटोपून नुकतीच घरात पाऊल टाकत होते. तू रडत होतीस आणि मला धड काही बोलता आलं नाही. फोनवर मला सुचत नाही, वहीत सुचतं. वीस वर्षं दूध संस्थेची सचिव म्हणून लिहिण्याचंच काम केलंय. म्हणून आज धारा झाल्यावर लिहायला बसले.

शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आणि न खाणाऱ्या मुलाला फळ द्यायचं, असं शासनानं नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवलं होतं. गेल्या महिन्यात त्याचे पैसे थांबवले आणि हवं तर लोकवर्गणीतून भागवा म्हणून शाळांना सांगितलं. त्यावरून तुमच्या व्हीगन, म्हणजे मांस, अंडं, दूध काहीच न घेणाऱ्या, गटाची दोन शकलं झाली. काहींनी आनंदानं पेढ्याऐवजी खजूर वाटले. बाकीच्यांनी त्यांना निर्दयी म्हटलं. तू मला विचारलंस, "आई, आम्ही सगळे एकच जेवतो ना, मग आमचं एकाही गोष्टीवर का जुळत नाही?"

अगं, आपल्या संस्थेत रोज एकशे चाळीस घरांचं दूध एकाच टाकीत जातं. म्हणून काय एकशे चाळीस घरं एका चिन्हावर शिक्का मारतात? ताट एक असलं तरी त्या ताटापर्यंत जो तो आपापल्या वाटेनं आलेला असतो. मागच्या उन्हाळ्यात तूच मला डोनाल्ड वॉटसनबद्दल सांगितलं होतंस. इंग्लंडमधला सुतारकाम शिकवणारा मास्तर, लहानपणी काकाच्या शेतावर डुक्कर मारताना पाहिलं आणि पुढं मांस सोडलं. दुसऱ्या महायुद्धात त्यानं बंदूक धरायलाही नकार दिला. १९४४ च्या नोव्हेंबरात पाच-सहा माणसं घेऊन संस्था काढली आणि 'व्हेजिटेरियन'ची पुढची-मागची अक्षरं जोडून 'व्हीगन' हा शब्द केला. त्याच्या मनात जनावर आणि माणूस अशा दोन वेगळ्या दया नव्हत्या, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण आज तो शब्द घेणारा प्रत्येक जण वॉटसनच्या वाटेनं आलेला नाही. कुणी तब्येतीसाठी आलाय, कुणी हवामानासाठी, कुणी धर्मातून आणि कुणी जातीविरुद्धच्या रागातून.

आपल्या शेजारच्या पाटील काकूंचंच बघ. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, दिवस मावळला की तोंडात घास नाही. पावसाळ्यात दिव्यावर किडे येतात म्हणून दिवासुद्धा मालवतात. जैन घर, मुंगीला जपणारं. आणि त्यांच्याच गोठ्यात नऊ म्हशी, संस्थेला सगळ्यात जास्त दूध घालणारं खातं त्यांचं. त्यांचा पुण्यातला नातू दूध सोडून बसलाय आणि म्हणतो, आजी, मी तुझीच अहिंसा शेवटपर्यंत नेतोय. काकू म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या आम्ही जनावर पोटच्या पोरासारखं वाढवलं, आता आम्हीच हिंसक झालो का? दोघंही एकाच शिकवणीतून बोलतात आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी येतं. मी दोघांना ओळखते. दोघांपैकी कुणीही ढोंगी नाही.

संस्थेत आता कृत्रिम रेतनाच्या अशा मात्रा येतात की दहातल्या जवळजवळ नऊ वेळा कालवडच होते. खोंड जन्मालाच येत नाही, म्हणून त्याचे हालही होत नाहीत. मी हे तुला आनंदानं सांगितलं तेव्हा तुमच्यातच वाद लागला होता. तत्त्वज्ञ पीटर सिंगरच्या जनावरांवरच्या १९७५ च्या पुस्तकावर वाढलेला तुझा मित्र म्हणाला, दुःख कमी झालं ना, मग हे चांगलंच. दुसऱ्या एका मैत्रिणीचे गुरू अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक गॅरी फ्रान्सिओन. ती म्हणाली, गाय कुणाची मालमत्ता आहे तोवर दावं सैल केल्यानं काही होत नाही, दावंच सोडा. मला पहिल्याचं पटलं, कारण उद्या सकाळी गोठ्यात मला काय करता येईल ते तो सांगतो. पण दुसरीचं बोलणं डोक्यातून जात नाही. धार काढताना आठवतं.

आता गोवंशाच्या कायद्याकडे येते, कारण तुमच्यातली खरी फूट तिथं आहे. अंडं नंतरचं. आपल्याकडे गाय कापायला १९७६ च्या कायद्यानं बंदी होतीच. २०१५ मध्ये त्यात बैल आणि वळू आले. म्हैस आणि रेडा मात्र आले नाहीत. तुमच्यातल्या ज्यांनी तेव्हा स्वागत केलं त्यांना माझा एकच प्रश्न आहे. रेड्याला सुरी कमी लागते का? गेल्या सप्टेंबरात देशी गाईला राज्यमाता-गोमाता म्हणून जाहीर केलं. आपली तांबडी जर्सीची, ती त्यात बसत नाही. म्हणजे इथं जनावराला वेदना होते म्हणून ते वाचत नाही, ते पवित्र आहे म्हणून वाचतं. पवित्र मानणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. बेंदराला बैलांची पूजा मीसुद्धा करते. पण ही पूजा आणि तुझं व्हीगन असणं एकच, असं कुणी तुला सांगितलं तर ऐकू नकोस.

हरण्या तुला आठवतो. कायद्यानंतरच्या वर्षी तो औताला चालेना झाला. पूर्वी असा बैल वडगावच्या बाजारात जायचा, आलेल्या पैशात थोडी भर घालून नवा यायचा. तो रस्ता बंद झाला. तुझ्या बाबांनी त्याला चार वर्षं सांभाळला, शेवटी तर पेंड भिजवून हातानं भरवली. मला त्यांचा अभिमान आहे. पण आपला दोन एकर ऊस होता, वाडं घरचं होतं. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या त्या विधवा बाईला, तू ओळखतेस, वैरण विकत घ्यावी लागायची. तिनं एका पहाटे आपला बैल ओढ्यापलीकडे नेऊन सोडला. दोन दिवसांनी तो आपल्याच हरभऱ्यात उभा होता, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. बाबांनी काठी उचलली आणि तशीच खाली ठेवली. बाई आमच्या दारात येऊन बसली, बोलली काहीच नाही. कायदा करणाऱ्यांनी दया केली आणि तिचा खर्च त्या बाईच्या खात्यावर नावे टाकला.

आणि खात्यावरून मला गुजरातमधलं ऊना आठवतं. जुलै २०१६. मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या चार दलित पोरांना गाय मारली म्हणून उघड्यावर मारलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या अंगावर मेलेलं ढोर ओढायचं काम टाकलं, त्यांनाच त्या ढोरापायी मार. पुढं गुजरातमधल्या दलितांनी ते काम टाकलं आणि मेलेली जनावरं सरकारी कचेरीसमोर आणून ठेवली. तुझी मैत्रीण, जी दलित घरातून आलीय, ती या गोष्टीवर गप्प बसत नाही म्हणून गटातले काही म्हणतात की ती जनावरांच्या विषयात राजकारण आणते. मला सांग, राजकारण तिनं आणलं की आधीपासूनच होतं? बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं होतं. ते स्वाभिमानासाठी होतं. न खाण्यालाही किती वेगवेगळे अर्थ असतात बघ.

तुम्ही दोघी घर शोधत होतात तेव्हाचं मी विसरलेले नाही. दोघीही दूधसुद्धा न घेणाऱ्या. मालकानं आधी "व्हेज ना?" विचारलं, मग आडनावं विचारली. तुला घर मिळत होतं, तिला नाही. तू ते घर घेतलं नाहीस. त्या दिवशी मी बाबांना म्हटलं, पोरगी दूध सोडून वाया गेली नाही.

आता अंडं. मला विचारलंस तर मी त्या मुलांच्या बाजूची आहे. पिंजऱ्यातल्या कोंबडीचे हाल खोटे नाहीत. पंख पसरता येणार नाहीत एवढ्या जागेत ती आयुष्य काढते, आणि हे मला तुझ्यामुळे कळलं. पण आपल्या शाळेत ऊसतोड्यांची मुलं येतात. आई-बाप पहाटे अंधारात फडात गेलेले, मूल रात्रीची भाकरी खाऊन किंवा न खाताच आलेलं. त्याच्या ताटात काही ठेवण्याआधीच कुणी अंडं उचलत असेल, तर त्या उचलणाऱ्याच्या ताटाला मी दयेचं ताट म्हणणार नाही. तुम्ही चौदा जणांनी मिळून एका शाळेला शेंगदाणा-गुळाचे लाडू, मोड आलेली मटकी, भिजवलेले हरभरे वर्षभर पुरवा. मुलांची वजनं करा. मग मुख्याध्यापकांना सांगा की अंडं नको. तेव्हा तुमच्या मागं मी उभी राहीन. हे मी गटातल्या दोन्ही बाजूंना सांगते, कारण "निर्दयी" म्हणून ओरडणाऱ्यांनीही एकाही शाळेत पाऊल ठेवलेलं नाही, असं तूच म्हणालीस.

हे सगळं मी हिशेब मागितल्यासारखं लिहितेय, तर माझाही हिशेब तुला दिला पाहिजे.

तू नऊ वर्षांची होतीस. बांडी व्याली आणि खोंड झाला. पांढरा, कपाळावर काळा ठिपका. तू त्याला बाटलीनं पाजायचीस आणि दुपारी त्याच्या शेजारी पोत्यावर बसून गृहपाठ करायचीस. तेव्हा दर दहा दिवसांच्या बिलावर आपलं घर चालत होतं, दादाच्या फीची मुदत आली होती. मी चिकाचं पहिलं दूध त्याला पुरतं पाजलं नाही. तू झोपल्यावर बाटलीत निम्मं पाणी घालायचे. आठव्या दिवशी त्याला हगवण लागली. डॉक्टरला बोलवायचे तीनशे रुपये होतात, आणि खोंडाला तीनशे रुपये कोण घालतं, असं मी बाबांना म्हटलं. अकराव्या दिवशी पहाटे तो गेला. तू शाळेतून आलीस तेव्हा मी सांगितलं की थंडी लागली. तू मला विचारलं होतंस, "आई, कालवड असती तरी थंडी लागली असती का?" मी तुला अभ्यासाला बस म्हटलं.

सोळा वर्षं झाली. तू दूध सोडलंस त्या दिवशी घरात सगळे म्हणाले, पुण्याची हवा लागली. मला माहीत होतं, ती हवा आपल्या गोठ्यातली होती.

गांधीजींची आत्मकथा मी वाचनालयातून आणून दोनदा वाचली, त्यात दुधाचं प्रकरण आहे. कलकत्त्याला गाईंवर होणारा अत्याचार कळल्यावर त्यांनी दूध सोडलं. पुढं फार आजारी पडले, डॉक्टर म्हणाले दुधाशिवाय अंग भरणार नाही. कस्तुरबा म्हणाल्या, शपथ गाई-म्हशीच्या दुधाची होती ना, मग बकरीचं घ्या. त्यांनी घेतलं आणि त्याची बोच मनात राहिल्याचं लिहून ठेवलं. शपथेतला शब्द राहिला आणि अर्थ सुटला, हे त्यांना स्वतःलाच कळत होतं. मला त्या पानावर कस्तुरबा जास्त आठवतात. नवरा समोर झिजतोय आणि ही बाई वाट शोधतेय. तुझ्या गटात नियम पाळणारे आहेत तसे असे वाट शोधणारेही असतील. त्यांना लगेच खोटे ठरवू नकोस.

मी दूध सोडणार नाही. ते मी तुला खोटं सांगणार नाही. एकशे चाळीस घरांची बिलं माझ्या सहीनं निघतात, त्यातली तीस-पस्तीस घरं एकट्या बायकांची आहेत. उद्या गाव दूध बंद करायला निघालं तर त्या बायकांना काय द्यायचं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही, तुझ्या गटानंही नाही. पण ते उत्तर शोधायला तुम्ही इकडे आलात तर संस्थेचा हॉल उघडून देईन. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना घेऊन ये. एकत्र जेवायला घालते. पिठलं, भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची आमटी, भात. यातलं कुणाला काही चालत नाही असं नाही.

आणि हो, तांबडी होळीच्या आसपास व्यायची आहे. तिला त्या वेळी साधीच मात्रा मिळाली होती, त्यामुळे काहीही होऊ शकतं. खोंड झाला तर चीक पोटभर पाजायचा आणि हगवण लागली तर त्याच दिवशी डॉक्टरला बोलवायचं, एवढं बाबांशी बोलून ठरवलंय. मोठा झाल्यावर त्याचं काय करायचं ते ठरलेलं नाही. तू आलीस की तिघं बसून बोलू. त्याच्यासाठी घरातली जुनी बाटली शोधून धुऊन ठेवलीय, नुसतं निपल नवं आणावं लागेल. पुण्याहून येताना दोन आण.

तुझी,
आई