हिचा पगार आणि माझं दिवाळं

ब्रॅम्पटन, कॅनडा

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, "दिवाळं तुझं, मग तिच्या पगाराची चौकशी कशाला?" ही शेजारीच बसली होती, म्हणून मी विषय टाळला. आता सविस्तर लिहितो.

इथे दिवाळखोरीचं प्रकरण सरकारी परवाना असलेला ट्रस्टी बघतो. त्याला दर महिन्याला घरच्या जमाखर्चाचा फॉर्म भरून द्यायचा. घरात माणसं किती, त्यावरून संसाराला लागणारी एक रक्कम सरकार दरवर्षी ठरवतं. कर कापून हातात येणारं उत्पन्न त्याहून 200 डॉलर किंवा जास्त वर गेलं, की वरच्या पैशांतला निम्मा भाग देणी फेडायला जातो.

मेख अशी की उत्पन्न सगळ्या घराचं धरतात. आकडे सोपे करून सांगतो. समजा आमच्या घरासाठी ती रक्कम 4,000 आहे. माझे 3,000 येतात, म्हणजे एकट्याचे धरले तर मी खालीच. हिचे 2,000 मिळवले की 5,000 होतात, हजार जास्त. त्यातले निम्मे 500. पण तेही सगळे मला भरावे लागत नाहीत. घरच्या कमाईत माझा वाटा 60 टक्के, म्हणून मी भरायचे 300. हिच्या पगारातून कुणी एक डॉलर कापत नाही, पण त्याच्यामुळे माझा हप्ता उभा राहतो.

हप्त्याचं एवढं नाही रे, मुदतीचं वाटतं. पहिलीच दिवाळखोरी असेल आणि वरचं उत्पन्न नसेल, तर साधारण 9 महिन्यांत सुटका होते. असेल तर 21. हे ऐकून ही म्हणाली, "मग सोडू का नोकरी?" 300 वाचवायला 2,000 घालवायचे! हसलो दोघंही, पण नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

पाळणाघराची फी आणि औषधपाणी उत्पन्नातून वजा होतं, म्हणून हल्ली मी पावत्या बुटांच्या खोक्यात जपतो. लहानपणी माझ्या वह्या सापडायच्या नाहीत, आठवतं ना?

दुसरी वाट होती: ज्यांचे पैसे देणं लागतो त्यांच्याशी ठराव करून 5 वर्षांपर्यंत ठरलेला हप्ता भरायचा. पगार वाढला तरी तो वाढत नाही. पण इतकी वर्षं ओढण्याचं बळ माझ्यात नव्हतं.

आता तुझ्या पैशांचं. पाठवू नकोस. भेट म्हणून आलेला पैसा उत्पन्नात धरत नाहीत, तो मालमत्तेत धरतात. म्हणजे निम्मा नाही, सगळाच ट्रस्टीकडे जायचा, आणि लपवणं मला जमणार नाही. आईला मात्र अजून काही बोलू नकोस. रविवारी मीच फोन करतो.

तुझा,
धाकटा