सुजयला, अण्णांच्या मागच्या कामांबद्दल

चि. सुजय यास अनेक आशीर्वाद.

अण्णा गेले ते नेमके धनत्रयोदशीला, आणि सगळा भार तुझ्यावर पडला. बाबांना डॉक्टर प्रवास करू देत नाहीत, फोनवर ते धड बोलत नाहीत, म्हणून मीच लिहितेय.

एकच सांगते, मग नाही सांगणार. अण्णांच्या एटीएम कार्डाला हात लावू नकोस. पिन डायरीत आहे हे विज्याला ठाऊक आहे, लक्ष्मीपूजन-पाडव्याला बँका बंद, घर माणसांनी भरलेलं, मोह होणारच. पण माणूस गेला की त्यानं दिलेलं मुखत्यारपत्रही तिथेच संपतं. नंतरच्या तारखेला काढलेले पैसे स्टेटमेंटवर दिसतात आणि दोन्ही आत्यांना विचारायला जागा होते. पासबुकाचं पहिलं पान बघ. काकू जोडखातेदार असतील आणि 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' असं लिहिलेलं असेल, तर त्या स्वतःच्या कार्डानं काढू शकतात. नाहीतर दिवसांचा खर्च तू कर, पावत्या ठेव, वाटणीआधी वजा होईल. अण्णा ऊसबिलाच्या पावत्या तारेत ओवून ठेवायचे, तू खाली बसून मोजायचास. एक हरवली म्हणून केवढा रडला होतास!

असो. अण्णा कऱ्हाडच्या दवाखान्यात वारले, म्हणून मृत्यूची नोंद कऱ्हाड नगरपरिषदेत. गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटा नको. मृत्यू जिथे होतो तिथेच नोंदतात. माहिती दवाखाना पाठवतो, पण नाव केसपेपरवरचं जातं, आणि तिथे घाईत नुसतं 'अण्णा' लिहिलेलं असायचं. आधार आणि पासबुकाशी अक्षर न् अक्षर जुळवून घे, दाखला निघाल्यावर दुरुस्तीला फार फिरवतात. मुदत २१ दिवस, त्यात सुट्ट्याही मोजल्या जातात. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच माग.

बँकेत नॉमिनी विज्या असेल तर पैसे त्याच्या हातात येतील, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांसाठी सांभाळणारा. हे त्याला तू सांगू नकोस, बाबा सांगतील. (आणि कार्ड आत्ताच काकूंच्या कपाटात ठेव.)

सगळे जमलेत तर स्टँपपेपरवर उरकून टाकू, असं कोणीतरी म्हणेल. सुतकात, भाऊबीजेच्या तोंडावर हक्कसोडपत्राचा, म्हणजे आपला वाटा सोडल्याचं लिहून देण्याचा, विषय काढू देऊ नकोस. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं आणि एकदा नोंदवलं की मनाला आलं म्हणून मागे घेता येत नाही. सातबाऱ्यावर वारसनोंदीचा अर्ज तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यायचा असतो, म्हणजे वेळ आहे. अर्जात सगळ्या वारसांची नावं घाल. दिल्लीच्या ताईचं नाव 'ती येत नाही' म्हणून गाळलं, तर पुढे फेरफारावर, म्हणजे नावं बदलण्याच्या नोंदीवर, हरकत येते आणि प्रकरण मंडळ अधिकाऱ्याकडे लोंबकळतं.

फार शिकवलं का? रागावू नकोस. तू तिथे उभा आहेस हे बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात. मला मात्र रात्री ते कार्डच दिसतं.

पेन्शनचं राहिलंच. बँक उघडेल त्या दिवशी आधी ते कळव. पुढच्या महिन्याची रक्कम जमा झाली तर परत वसूल होते आणि काकू घाबरतील. त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायला पीपीओ, म्हणजे अण्णांच्या पेन्शनचा मंजुरी आदेश, लागेल. तो निळ्या फायलीत नसेल तर देवघराखालच्या खणात बघ.

तुझी,
आई