हिरवा ठिपका म्हणजे शेवाळच असे नव्हे

महोदय,

मालवणच्या प्रवाळांभोवतीचे पाणी उपग्रहावरून तपासताना शेवाळ दाखवणाऱ्या रंगीत नकाशावर डोळे झाकून विसंबू नये. सेंटिनेल-३ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातला एक चौकोन ३०० मीटरचा, म्हणजे ९ हेक्टरांचा. अख्खा सिंधुदुर्ग किल्ला जेमतेम दोन चौकोनांएवढा! उथळ, नितळ पाण्यात तळाची वाळू चमकते, गाळही प्रकाश परतवतो आणि नकाशामागचे गणित त्यालाच शेवाळातले हरितद्रव्य समजून आकडा फुगवते. म्हणून किनाऱ्यालगतचे दोन चौकोन आणि तळ दिसतो तो भाग आधी वगळावा. उपग्रह डोक्यावरून जाण्याच्या आगेमागे तीन तासांत होडीतून पाण्याचा नमुना घ्यावा, सेकी तबकडी (दिसेनाशी होईपर्यंत पाण्यात सोडायची चकती) सोडून पारदर्शकता मोजावी. पावसाळ्यात, नेमका गाळ येतो तेव्हाच, ढग आडवे येतात. तेव्हा होडीच खरी.

— एक वाचक, सिंधुदुर्ग