फेरीबोटीवर अण्णा काय म्हणाले

सांगली, १४ जानेवारी

प्रिय बंड्या,

तुझ्या मेसेजला पाच महिने उत्तर दिलं नाही. शिव्या दे, पण पत्र वाचून झाल्यावर. फोन केला असता, पण फोनवर तू दर वाक्याला "बरं, मग?" करतोस आणि माझं सांगायचं तेवढंच राहतं. इकडे सगळे ठीक. माझी शुगर आहे तिथंच आहे, सुमनच्या गुडघ्याला पट्टा आलाय. झालं.

तर नाताळच्या सुटीत आम्ही गुहागरला गेलो. अण्णांसकट! २०१९च्या पुरापासून एक रात्र घराबाहेर न काढलेला माणूस, पुढच्या सीटवर बसून कऱ्हाड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरला. वाटेत सगळा पाण्याचा हिशेब. पाटबंधारे खातं रिटायर झाल्यावरही अंगातून जात नाही. कोयना धरण १०५ टीएमसीचं, म्हणजे तेवढे अब्ज घनफूट, त्यातलं साडेसदुसष्ट वीज करायला पश्चिमेकडे. पोरांनी कानात बोंडं घातली होती. मला सुटका नव्हती, गाडी मीच चालवत होतो.

तिसऱ्या दिवशी दाभोळची चंडिका बघायची म्हणून धोपाव्याला फेरीबोटीत गाडी घातली. गाडी थेट आत जाते, आपण उतरून कठड्याशी उभं राहायचं, थोड्या वेळात पलीकडे. नाहीतर सगळी खाडी फिरून वळसा. डोक्यावर ब्राह्मणी घारी, पांढरं डोकं आणि विटकरी अंग, अगदी कुणीतरी रंगवून सोडल्यासारख्या. एक खाली आली, पाण्यावरून काहीतरी उचललं आणि उडता उडताच खाल्लं. खलाशी म्हणाला, नशीब असेल तर खाडीच्या तोंडाशी डॉल्फिनही दिसतील.

आणि दिसले की रे! टीव्हीवर उड्या मारतात तसलं काही नाही. करडी पाठ हळूच वर येते, तिच्यावर उंचवटा, त्यावर छोटासा पर, आणि श्वास सोडल्याचा फुस्स आवाज. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतो ना, तसा. मग नुसतं पाणी. तू डावीकडे बघत बसतोस आणि तो उजवीकडे निघतो. एक पिल्लू आईला चिकटून होतं. पहिली पाठ दिसल्याबरोबर पिया सगळ्या बोटीला ऐकू जाईल अशी ओरडली, "मगर! मगर!" सगळे हसले. खलाशानं विचारलं, "कुठले हो तुम्ही?" म्हटलं, सांगली. "तरीच," म्हणाला. औदुंबर-भिलवडीची कीर्ती दाभोळपर्यंत पोचलीय.

सगळी बोट एका कुशीला गोळा झालेली आणि अण्णा एकटेच मागच्या बाजूला. मला वाटलं, चक्कर आली. गेलो तर ते मागं पडत चाललेल्या जेट्टीकडे बघत होते. खांबांवर खालून कालवं चिकटलेली, वर ओला हिरवा पट्टा, त्याच्या वर कोरडं. तुला कळलंच असेल ते काय वाचत होते. आपल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पुराची फूटपट्टी. पंचेचाळीस फुटांना धोका, आणि २०१९ला सत्तावन्नच्याही वर.

खलाशाला विचारलं, "हे रोज एवढं चढतं?"

"दिवसातून दोनदा, आजोबा."

"आणि उतरतं?"

"उतरतंच. सहा तासांनी."

अण्णा बराच वेळ गप्प. मग मला म्हणाले, "हे आपलंच पाणी आहे, दिनू. कोयनेचं. पूर्वेला सोडलं की कऱ्हाडला कृष्णेत पडून आपल्या दारात. पोफळीला उतरलं की वाशिष्ठीतनं इथं." आणि त्याच आवाजात, टीएमसी सांगावेत तसं, "घर विकून टाकू."

पलीकडे पिया ओरडत होती, बाबा, दोन आहेत! मी "हं" म्हणालो. बंड्या, एवढ्या मोठ्या गोष्टीला मी फक्त "हं" म्हणालो.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहितोय ते. तू तुमचं घर विकलंस तेव्हा मारुती चौकात चहाच्या गाड्यावर चार लोकांत मी तुला पळपुटा म्हणालो. संक्रांतीला तू आमच्याकडे आला नाहीस, ते बरोबरच केलंस. (विष्णू घाटावरनं सांगलीवाडीला पोहायच्या पैजेत तू माझ्या आधी उडी टाकलीस, ते मात्र बरोबर नव्हतं. ते वेगळं खातं.) पण त्या दिवशी माझ्या पाकिटात एजंटचं कार्ड होतं. चिखल काढता काढता माळ्यावरची आईची पैठणी हातात आली, पिळली तर गाळच निघाला, त्याच दुपारी घेतलं होतं. विकायचं मलाही होतं. अण्णांच्या नावावर मी लपलो, एवढंच. सुमनलाही हे सांगितलेलं नाही.

आणि आता म्हातारा हो म्हणाला तर माझेच पाय लटपटतायत. घरी आल्यापासून त्यांनी विषय काढलेला नाही. मी विचारत नाही. विचारलं आणि "कधी म्हणालो मी?" म्हणाले तर? किंवा "काढ गिऱ्हाईक" म्हणाले तर?

परवा त्यांनी चुना आणायला लावला. दोन दिवस लुंगी खोचून पडवी रंगवली, मला ब्रशला हात लावू दिला नाही. माझ्या मनात आलं, चला, गिऱ्हाइकासाठी घर सजतंय. संध्याकाळी बघतो तर सगळी भिंत पांढरी आणि तीन रेघा जशाच्या तशा: २००५, २०१९, २०२१. आकड्यांच्या वळणावळणानं ब्रश फिरवलाय, एक ठिपका आत गेलेला नाही. विकणारा माणूस पुराच्या रेघा ठेवेल का? आणि न विकणारा माणूस तेच पुसून टाकणार नाही का? सुमन म्हणते, गिऱ्हाइकाला फसवायचं नाही म्हणून ठेवल्या. अण्णांचं काही सांगता येत नाही.

तू कसा आहेस? ओंकारची बारावी ना यंदा? वहिनींची बदली झाली की नाही? आणि पाण्याला घाबरून गेलास त्या सोसायटीत अजून टँकरच येतो म्हणे. मी हसलो नाही. थोडा हसलो.

आज संक्रांत आहे, तू अण्णांना फोन करशीलच. त्यांना माडीच्या गॅलरीतून बोटीत उतरवताना पाय तू धरले होतेस, तुझ्याशी ते सरळ बोलतात. माझं नाव काढू नकोस. चुना कुठल्या दुकानातला आणला, तिथनं सुरू कर.

तुझा,
दिन्या

ता. क. तिळगुळासोबत भडंग पाठवतोय. तिखट आहे, वहिनींना आधी सांग.