‘बावा’ म्हणजे चुलतभाऊ नव्हे!

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतली तेलुगू कथा वाचली. खाली ‘इंग्रजीवरून अनुवाद’ असं प्रामाणिकपणे छापलंत, त्याबद्दल आभार. पण त्या कथेने काल सकाळी मला जी मान खाली घालायला लावली, ती तुमच्या कानावर घालणं भाग आहे.

आमच्या शाळेतल्या एक बाई, माझ्या चांगल्या मैत्रीण, पुरवणी हातात घेऊनच स्टाफरूममध्ये आल्या आणि सगळ्यांसमोर विचारलं, “काय हो, तुमच्या तेलुगू लोकांत चुलतभावाशी लग्न करतात?” त्यांच्या मनात वाईट नव्हतं. कथेत तसंच छापलंय! नायिका चुलतभावाची वाट बघते, चुलतभाऊ आला की आत पळते, आणि शेवटी घरचे तिचं त्याच्याशीच ठरवतात. मराठी वाचकाला किळस येणार नाही तर काय होईल?

मूळ कथा माझ्याकडे आहे. त्यात ती त्याला ‘बावा’ म्हणते. बावा म्हणजे आतेभाऊ किंवा मामेभाऊ, ज्याच्याशी लग्न होऊ शकतं असा. बहिणीच्या नवऱ्यालाही बावाच म्हणतात. त्या एका हाकेत थट्टा असते, हक्क असतो, लाज असते. चुलतभावाला आम्ही ‘अन्ना’ म्हणतो, सख्ख्या भावाला म्हणतो तसंच, आणि त्याला राखी बांधतो. इंग्रजीत दोघेही ‘कझिन’. तिथे अनुवादकाचा नाइलाज असेल, मी समजू शकते. पण मराठीत आते, मामे, मावस, चुलत हे चारही शब्द ठणठणीत आहेत. मामाच्या मुलीशी लग्न ही रीत आपल्याकडेही घरोघर माहीत आहे. म्हणजे जी गोष्ट तेलुगूतून मराठीत एका उडीत आली असती, ती इंग्रजीच्या दारातून आणल्यामुळे भलतीच होऊन आली.

माझी नानम्मा, म्हणजे वडिलांची आई, सोलापूरच्या पूर्व भागात जन्मभर विड्या वळत आली. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, बोटात दोरा. तिला वाचता येत नव्हतं. मी शाळेतून आले की जुन्या तेलुगू साप्ताहिकातली एक कथा तिला वाचून दाखवायची हा आमचा नेम होता. कथेतली बाई ‘इला’ म्हणाली की नानम्मा लगेच ओळखायची, ही आंध्राकडची. आमच्या तेलंगणात ‘गिट्ला’ म्हणतात. दोन्हींचा अर्थ ‘असं’ एवढाच. पण त्या एका शब्दावर ती बाई कुठली, कोणत्या घरातली, हे नानम्माला कळायचं आणि कधी कधी तिचे हात थांबायचे. इंग्रजीत हे सगळं पुसलं जातं. श्रीकाकुळमचा शेतमजूर आणि हैदराबादचा वकील एकाच सुरात बोलायला लागतात. मराठीत ‘आहे’, ‘हाय’ आणि ‘हाये’ यांतला फरक आपण कानाने ओळखतो, मग तो वापरायचा का नाही?

त्याच कथेत बायको नवऱ्याला ‘ऐक ना’ म्हणते. मूळ शब्द ‘एमंडी’. त्याला मराठीत नेमका, तंतोतंत शब्द आहे: ‘अहो’! साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या घरातल्या बाईने नवऱ्याला जन्मात कधी ‘ऐक ना’ म्हटलं नसेल. इंग्रजीला अहो-जाहो नाही, पण आपल्याला आहे ना?

इंग्रजीशी माझं भांडण नाही. पालगुम्मी पद्मराजूंच्या ‘गालिवान’ कथेला १९५२ साली न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनच्या जागतिक कथास्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं, ते ती इंग्रजीतून तिथवर पोचली म्हणूनच. तेलुगू न येणाऱ्या परप्रांतीयांपर्यंत या कथा इंग्रजी अनुवादकांनी नेल्या, त्यांचे उपकारच आहेत. पण सोलापूर, नांदेड, चंद्रपूर, यवतमाळ इथे दोन्ही भाषा घरात बोलणारी किती माणसं आहेत! त्यांतल्या एकालाही विचारावंसं वाटू नये?

कथेसोबतच्या टिपणाबद्दलही लिहिते. तेलुगू कथा १९१० साली गुरजाड अप्पारावांच्या ‘दिद्दुबाटु’पासून सुरू झाली, असं तुम्ही ठामपणे छापलंत. गुरजाडांचा मान मोठा आहेच. पण भंडारू अच्चमांबांची ‘धनत्रयोदशी’ १९०२ साली ‘हिंदू सुंदरी’ मासिकात आली होती. मालकाच्या पैशांचा मोह पडलेल्या नवऱ्याला त्यातली गरीब बायको ताळ्यावर आणते. तेलुगूत आता कितीतरी अभ्यासक पहिल्या कथेचा मान तिला देतात. आणि या अच्चमांबा कोण? कोमर्राजू लक्ष्मणरावांच्या बहीण. लक्ष्मणराव नागपुरात शिकले, मराठीतही लिहायचे, आणि शिवाजी महाराजांचं चरित्र त्यांनी तेलुगूत लिहिलं. मराठी वाचकाला जवळचं वाटेल असं हेच घर टिपणातून गळालं.

शेवटचं, नावांचं. ‘यज्ञम्’ ही कथा लिहिणारे, श्रीकाकुळमला १९९७ साली ‘कथानिलयम’ हे फक्त कथांसाठीचं ग्रंथालय उभं करणारे ‘कारा’ मास्तर, यांचं आडनाव तुम्ही ‘कालीपटनम’ छापलंत. ते ‘काळीपट्नम्’ आहे; काळीपट्नम् रामाराव, म्हणून ‘कारा’. तेलुगूत ‘ळ’ आहे, मराठीत ‘ळ’ आहे, नाही तो इंग्रजीत. दोन ‘ळ’वाल्या भाषांच्या मध्ये तो ‘ळ’ कुठे पडला, हे सांगायला नकोच. त्या माणसाने उभी हयात तेलुगू कथा वेचण्यात आणि जपण्यात घालवली. त्यांचं नाव तरी नीट यायला हवं होतं.

येत्या रविवारी निदान ‘चुलतभाऊ’ची दुरुस्ती ठळक छापा, ही विनंती. छोट्या चौकटीत चालेल, पण त्याच पानावर हवी, कारण आमच्या स्टाफरूममध्ये तेच पान वाचतात. मूळ कथेच्या झेरॉक्स मी या पत्रासोबत जोडल्या आहेत. जिथे जिथे ‘बावा’ आलाय तिथे पेन्सिलीने खूण केली आहे.

आपली,
एक शिक्षिका, सोलापूर