तक्त्यातल्या अकरा ओळी

सांगली,
ता. ११ नोव्हेंबर २०२५

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा रविवारी फोन तू ठेवलास की मध्येच तुटला, मला कळलं नाही, आणि मी विचारणारही नाही. माझाही आवाज चढला होता. अण्णा आतून ऐकत होते. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "तिला लिही. बोलायला गेलात की तुमचं दोघींचं बिनसतं."

सी प्लस प्लसमधला कोड पायथॉनमधून वापरता यावा म्हणून तू केलेल्या टूलच्या २.० व्हर्जनचा आराखडा तीनदा वाचला, तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. काम चोख आहे. टाइप कास्टर, म्हणजे एका भाषेतली व्हॅल्यू दुसरीत बदलणारे तुकडे, वेगळे काढलेस, त्याने बिल्डचा वेळ खरंच उतरेल. सी प्लस प्लस ११ वरून १७ वर जायचं म्हणतेस, त्यावरही माझा वाद नाही. वाचताना भरून आलं, खरं सांगते.

शेवटच्या पानावर कामांचा तक्ता आहे. अकरा ओळी, आणि 'जबाबदार' या रकान्यात अकराही ठिकाणी तुझं नाव. त्याबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. कामाचंच लिहिते.

भांडण चौथ्या कलमावरून झालं. आत्तापर्यंत सी प्लस प्लसच्या फंक्शनने रॉ पॉइंटर, म्हणजे ऑब्जेक्टचा मेमरीतला नुसता पत्ता, परत दिला आणि वेगळं काही सांगितलं नसेल, तर ऑब्जेक्ट पायथॉनच्या मालकीचा व्हायचा. रेफरन्स काउंट, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्यांची संख्या, शून्यावर आला की पायथॉन तो डिलीट करायचा. २.० पासून तू उलट करते आहेस: काही सांगितलं नसेल तर मालक सी प्लस प्लस, पायथॉनने नुसतं बघायचं. नवा नियम जास्त सुरक्षित आहे, मान्य. डबल फ्री होऊन, म्हणजे तीच मेमरी दोनदा सोडली जाऊन, अख्खी प्रोसेस मरण्यापेक्षा थोडी मेमरी गळलेली बरी, तेही मान्य. माझी हरकत नियमाला नाहीच. वापरणाऱ्याच्या कोडमधलं एक अक्षरही न बदलता त्या ओळीचा अर्थ बदलतो, याला आहे.

हिशेब करून बघ. कोणाच्या तरी कॅमेऱ्याच्या लायब्ररीतलं फंक्शन दर वेळी न्यू करून, म्हणजे नवी मेमरी घेऊन, एक फ्रेम परत देतं. फ्रेम ४ एमबीची, सेकंदाला २५. तुझ्या आत्ताच्या १.८ वर पायथॉन ती वेळेवर सोडत होता. २.० वर कोणीच सोडणार नाही. सेकंदाला १०० एमबी, म्हणजे १६ जीबीचं मशीन तीन मिनिटांच्या आत भरलं. आणि त्या माणसाची टेस्ट दहा फ्रेमची असेल, तर वाढतील ४० एमबी आणि टेस्ट हिरवी. कंपायलर बोलला नाही, टेस्ट बोलली नाही, आणि रात्री दोनला ज्याला फोन येईल त्याला तुझं टूल बदललंय हे माहीतही नसेल.

म्हणून माझं म्हणणं: २.० मध्ये रॉ पॉइंटरला डिफॉल्ट ठेवूच नकोस. मालक कोण हे लिहिलं नसेल तर स्टॅटिक असर्टने, म्हणजे कंपायलरच्याच तपासणीने, कंपाइलच थांबव, आणि एररमध्ये पर्याय दे: मालकी घे, कॉपी कर, नुसता रेफरन्स ठेव, किंवा मूळ ऑब्जेक्ट जिवंत आहे तोवर रेफरन्स ठेव. लोक वैतागतील, पण दिवसाउजेडी, स्वतःच्या एडिटरसमोर बसून वैतागतील. तुझ्यासारखंच दोन भाषा जोडणारं टूल पायबाइंड११, त्यांनी ३.० काढताना बघ काय केलं. त्यांना स्मार्ट होल्डर (ऑब्जेक्ट सांभाळणारी नवी डबी) आणायचा होता, म्हणजे युनिक पॉइंटर, एकच मालक असलेला पॉइंटर, तोही इकडून तिकडे देता यावा, आणि पायथॉनमध्ये वारसा घेतलेल्या क्लासचा पायथॉनकडचा अर्धा भाग मरून सी प्लस प्लसच्या हातात अर्धाच ऑब्जेक्ट उरू नये. ही दुसरी अडचण तर फार जुनी होती. तरी क्लासचा डिफॉल्ट होल्डर त्यांनी युनिक पॉइंटरच ठेवला आणि नव्या वागणुकीला नवं नाव दिलं. ज्याला हवं तो ते नाव लिहील. त्याआधी काही वर्षं ते सगळं वेगळ्या ब्रँचवर वापरून, घासून घेतलं होतं.

आता मुख्य मुद्दा, जो फोनवर मला मांडता आला नाही. २.० च्या आधी १.९ काढ. तुझ्या आराखड्यात १.९ नाहीच.

सायथॉनचं उदाहरण घे, पायथॉनसारख्या कोडचं सी मध्ये भाषांतर करणारा कंपायलर. ०.२९ मध्ये सी टाइप परत देणाऱ्या फंक्शनमध्ये एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) आलं आणि ते पुढे पाठवा असं लिहिलेलं नसेल, तर एक्सेप्शन स्क्रीनवर छापलं जायचं आणि प्रोग्राम तसाच पुढे. ३.० मध्ये हे उलटं झालं: एक्सेप्शन आपोआप वर जातं, नको असेल तर 'नोएक्सेप्ट' लिहा. बदल योग्यच होता. पण पंचाईत अशी, की हा शब्द जुन्या कंपायलरला समजला नसता, मग एकच कोड दोन्हीवर चालणार कसा? म्हणून २०२२ मध्ये, ३.० यायच्या आधी, त्यांनी ०.२९.३१ मध्ये तो शब्द नुसता ओळखायला शिकवला. जुन्या व्हर्जनमध्ये त्याचा परिणाम काहीच नाही. पण लोकांना आजच कोड बदलून ठेवता आला आणि ३.० आलं त्या दिवशी हात लावायची गरज उरली नाही. पायथॉन ३ ने हेच उशिरा केलं. २००८ साली आलेल्या ३.० मधून युनिकोड स्ट्रिंगच्या आधीचं 'यू' काढून टाकलं होतं, ते २०१२ साली ३.३ मध्ये परत आणावं लागलं, कारण त्याशिवाय एकच फाइल पायथॉन २ आणि ३ दोन्हीकडे चालवणं जड जात होतं. चार वर्षं, एका अक्षरापायी.

तेव्हा १.९ मध्ये २.० चे सगळे शब्द चालले पाहिजेत, जुनंही जसंच्या तसं चाललं पाहिजे, आणि मालक न सांगितलेल्या प्रत्येक फंक्शनला वॉर्निंग आली पाहिजे, फाइल आणि ओळ क्रमांकासह. १.९ वर वॉर्निंग शून्य म्हणजे २.० वर कंपाइल होणार, असं वचन तुला रिलीज नोटमध्ये देता आलं पाहिजे. आणि कमांड लाइनवरचे जुने पर्याय तोडू नकोस. स्विग या तशाच जोडणाऱ्या टूलने ४.० मध्ये पायथॉनचे बरेच पर्याय कायमचे चालू केले, पण जुन्या बिल्ड स्क्रिप्टने ते दिले तर हा पर्याय आता नेहमीच चालू असतो एवढं सांगून पुढे जायचं. १९९५ पासूनचं टूल आहे ते, तीस वर्षांत मेजर आकडे फक्त चार.

मी पुन्हा शिकवायला लागले ना? तुला यातलं निम्मं माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्तच. रागावू नकोस. लिहिताना मला समोर तू दिसत नाहीस, २०१९ च्या पुरातली तू दिसतेस. गावभागातल्या घरात पाणी पायरीला लागलं होतं आणि तू जिन्यावर आम्हा पाच जणांची रांग लावलीस. मधल्या पायरीवर तू. प्रत्येक खोक्यावर खडूने नाव. आणि तुझा एकच नियम, वरचा माणूस "धरलं" म्हणाल्याशिवाय खालच्याने हात सोडायचा नाही. सुधाकाकूंनी एकदा बरणीचं खोकं न ऐकता सोडलं तेव्हा केवढी ओरडली होतीस. लोणच्याचा तो डाग जिन्यावर अजून आहे. अण्णा पुसू देत नाहीत.

त्या रांगेत तू होतीस, पण एकटी नव्हतीस. असो.

आराखड्यात बायनरीचं कलम फार त्रोटक आहे. २.० ला एबीआय, म्हणजे आधी बांधलेल्या बायनरींमधला मेळ, तुटणार हे एका ओळीत लिहून तू मोकळी झालीस, पण वापरणाऱ्याला ते कसं दिसेल? मॅट्रिक्सचं मॉड्यूल एकाने १.८ वर बांधलंय, सॉल्व्हरचं दुसऱ्याने २.० वर. दोन्हींच्या टाइपच्या नोंदवह्या वेगळ्या, त्यामुळे सॉल्व्हर म्हणणार, आर्ग्युमेंट जुळत नाही: हवा मॅट्रिक्स, दिला मॅट्रिक्स. दोन्हीकडे तेच नाव. यावर माणूस दोन दिवस घालवतो. तेव्हा टाइप सापडला नाही की एरर देण्याआधी दुसऱ्या एबीआयच्या नोंदवहीत त्याच नावाचा टाइप आहे का ते बघ, आणि असेल तर सरळ लिही: हे मॉड्यूल १.८ ने बांधलेलं आहे, २.० ने पुन्हा बिल्ड करा. काम फार तर अर्ध्या दिवसाचं.

व्हील्सचंही, म्हणजे तयार बांधलेल्या पॅकेज फाइलींचं, मोजून ठेव. पायथॉन ३.१० ते ३.१४ म्हणजे पाच, तुझे प्लॅटफॉर्म पाच, एकूण २५. ३.१४ चा फ्री-थ्रेडेड (अनेक थ्रेड खरोखर एकाच वेळी चालवणारा) बिल्ड धरलास तर ३०. स्टेबल एबीआयवर, म्हणजे सगळ्या पायथॉन व्हर्जनना चालणाऱ्या एकाच बिल्डवर, गेलीस तर २५ चे पाच होतील, पण ३.१४ च्या फ्री-थ्रेडेडला ते लागू नाही, त्याचे पाच वेगळेच राहतील. दोन्ही गोष्टी २.० मध्येच करू नकोस. एका रिलीजमध्ये जितकं जास्त हलवशील, तितकं कशाने मोडलं हे शोधणं कठीण.

टेस्टिंगचं: ॲड्रेस सॅनिटायझर, मेमरीच्या चुका पकडणारं टूल, लावशीलच. पायथॉन स्वतः त्याच्याशिवाय बिल्ड झालेला असतो, म्हणून सॅनिटायझरची लायब्ररी एलडी प्रीलोडने आधी चढव, आणि पायथॉनमॅलॉक या व्हेरिएबलला मॅलॉक दे. नाहीतर पायथॉनचा छोट्या ब्लॉकांचा ॲलोकेटर नेमक्या आपल्याला हव्या त्या चुका झाकतो. गळती मात्र वेगळी शोध: डीबग पायथॉनवर एकच कॉल लाखभर वेळा फिरव आणि एकूण रेफरन्स काउंट बघ. पहिली फेरी सोडून दे, तेव्हा कॅश भरत असतात. आणि सगळ्या टेस्ट पास होऊनही बिल्ड लाल, एक्झिट कोड १३९, म्हणजे शेवटी प्रोसेस कोसळली, असं दिसलं, तर आधी ग्लोबल स्टॅटिकमध्ये कोणी पायथॉन ऑब्जेक्ट ठेवलाय का ते बघ. इंटरप्रिटर आधी बंद होतो, आणि त्या ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर नंतर त्याला हाक मारतो.

कॉलबॅकबद्दल, म्हणजे सी प्लस प्लसने उलट पायथॉनला बोलावण्याबद्दल, तू लिहिलं आहेस, म्हणून लांबवत नाही. एक थ्रेड जीआयएल (पायथॉनचं सगळ्या थ्रेडना मिळून एकच कुलूप) धरून म्यूटेक्सची (सी प्लस प्लसकडच्या कुलपाची) वाट बघतोय आणि दुसरा म्यूटेक्स धरून जीआयएलची, एवढं एक चित्र डॉक्युमेंटेशनमध्ये घाल. तुमच्या आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच त्यातच निघतील.

राहिली २.० ची तारीख. ३१ मार्च कशासाठी? ती ऑफिसच्या मार्च एंडची आहे, वापरणाऱ्यांची नाही. सायथॉन ३.० ची पहिली अल्फा २०२० ची, पक्कं रिलीज १७ जुलै २०२३ ला. एवढं करूनही त्या दिवशी पायवायएएमएल या खूप वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीच्या जुन्या व्हर्जनचे बिल्ड जगभर कोसळले, कारण त्यांच्या बिल्डच्या यादीत नुसतं 'सायथॉन' लिहिलेलं, ३.० च्या खाली अशी मर्यादा नाही. तुझ्या वापरणाऱ्यांपैकी किती जणांनी मर्यादा घातली आहे ते आत्ताच शोध आणि त्यांना कळव. मार्चमध्ये १.९ काढ. २.० ची रिलीज कँडिडेट मे-जूनमध्ये. ती पायपीआयवर, पायथॉन पॅकेजच्या सार्वजनिक भांडारावर, बिनधास्त चढव, मुद्दाम मागितल्याशिवाय पिप (तिथून पॅकेज उतरवणारं टूल) प्री-रिलीज घेत नाही. पक्की मात्र नीट बघून. एकदा चढवलेल्या फाइलचं नाव डिलीट करूनही परत वापरता येत नाही. चूक झालीच तर यँक करायचं, म्हणजे आपोआप कोणाला मिळू नये अशी खूण करायची, आणि २.०.१ काढायचं.

आणि ती चढवणार कोण? बघ, आलेच तिथे. टोकन तुझ्या लॅपटॉपवर, दोन टप्प्यांच्या लॉगिनचा कोड तुझ्या फोनवर. तुला ताप आला तर? बारावीला फिजिक्सच्या पेपरला अंगात ताप घेऊन गेलीस आणि आल्यावर सांगितलंस. दिवाळीला आलीस तेव्हाही डोळ्यांखाली काळं होतं आणि म्हणालीस प्रवासाचं आहे. तू सांगत नाहीस, मुक्ता. विचारलं की चिडतेस, म्हणून मी व्हील्स आणि सॅनिटायझर लिहीत बसते.

ट्रस्टेड पब्लिशिंग लाव, म्हणजे रिलीज सीआयमधून, आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या यंत्रणेतून, जाईल, कोणा एकाच्या टोकनवर अडणार नाही. आणि तिथे मंजुरी द्यायला दुसरं माणूस नेम. ती नवी मुलगी, विंडोजचे बिल्ड बघते म्हणालीस, तिला १.९.१ करू दे. छोटं रिलीज आहे, चुकली तर सावरता येईल. तू फक्त शेजारी बस, की-बोर्डला हात लावू नकोस.

चिनूबरोबर भडंग आणि मेतकूट पाठवते आहे, तो शुक्रवारी निघतोय. सुधाकाकूंचा गुडघा बरा आहे, काठी घेऊन देवळापर्यंत जातात. बापूंच्या खोलीतलं तुझं जुनं टेबल मी कोणाला दिलं नाही, ते आहे तसंच आहे.

चौथ्या कलमाचं तुला पटलं नाही तर तसं लिही, मी परत वाचेन. तक्त्यातल्या सातव्या ओळीत, रिलीजच्या, कोणाचं नाव घातलंस तेवढं मात्र कळव.

तुझी,
आई